फोटोत हरवलेलं हरीण

‘आत्या, यात मृग कुठाय?’ एवढंच लिहून भाच्यानं फोटो पाठवला होता. जानेवारी २०२५, पौष अमावास्येला तीन-चार दिवस उरलेले, भंडारदऱ्याच्या धरणाचा काठ, रात्रीचे आठ. फोन दगडाला टेकवून, पूर्व-आग्नेयेकडे तोंड करून घेतलेला उभा फोटो. तळाशी डोंगराची काळी कड, आणि त्या कडेपासून थेट वरपर्यंत तारे. ताटात रवा सांडावा तसे. मोकळी जागा म्हणून कुठे उरलेलीच नाही.

मृग मी पाचव्या-सहाव्या वर्षापासून ओळखते. वाईच्या घराच्या गच्चीवर वडिलांनी तो दाखवला होता. आधी चार पाय, मग पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेघ एका बाजूला वाढव, व्याध सापडेल. दुसऱ्या बाजूला वाढव, रोहिणी सापडेल आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. नंतर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनांना जाऊ लागले, तिथेही सुरुवात याच हरणापासून व्हायची. आकाशात मला मृग शोधावा लागत नाही. मान वर केली की तो असतो. तरीही भाच्याच्या फोटोत तो सापडायला मला चांगलं अर्धं मिनिट लागलं, आणि सापडला तोही डोळ्यानं नाही, हिशेबानं. आठ वाजता पूर्वेकडे म्हणजे अमुक उंचीवर असणार, म्हणजे फोटोच्या मधल्या भागात कुठेतरी, असं मनाशी म्हणत.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मृगाचाच आणखी एक फोटो आहे. एका खगोलशास्त्राच्या मासिकातून कापलेलं पान, बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वी चौकटीत बसवलेलं. फोटो जपानच्या आकिरा फुजिई यांचा. खोलीच्या दारातून, चष्मा न लावताही, त्यातला मृग ओळखू येतो. दोन्ही फोटो एकाच आकाशाचे. एकात हरीण हरवलं आणि दुसऱ्यात ते दारापासून दिसतं, असं का? हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घर करून आहे, आणि त्यासाठी मी भिंतीवरचा तो फोटो, इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेला, पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

फुजिईंच्या फोटोत पहिलं लक्ष जातं ते ताऱ्यांच्या आकाराकडे. आकाशात प्रत्येक तारा बिंदूच असतो. मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक तारे बिंदूच दिसतात. इथे मात्र तेजस्वी तारे लहानशा मऊ चकत्या होऊन आले आहेत. हरणाच्या एका पायाचा तारा काक्षी, संत्र्याच्या सालीच्या रंगाचा. त्याच्या तिरक्या समोर, हरणाच्या दुसऱ्या टोकाच्या पायाशी, राजन्य निळसर पांढरा, शंखासारखा. बाणाचे तीन तारे एका आकाराचे, एका रंगाचे, एका रेषेत. बाकीचे दोन पाय जरा लहान. आणि या सातांच्या मागे, अगदी बारीक टिंबांनी भरलेलं, शांत, काळं आकाश. लहान तारे आहेत, भरपूर आहेत, पण ते मागे उभे आहेत. मैफलीत तंबोरा असतो तसे.

हे कसं साधलं, ते ऐकायला फार साधं वाटतं. फुजिई भिंगापुढे किंचित धूसर काचेचं फिल्टर लावत. लग्नाच्या फोटोत नवरीचा चेहरा मऊ दिसावा म्हणून स्टुडिओवाले लावायचे त्याच जातीचं. अशी काच प्रत्येक ताऱ्याचा थोडा प्रकाश आजूबाजूला पसरवते. तारा तेजस्वी असेल तर पसरलेला प्रकाशही फिल्मवर उमटण्याइतका असतो, म्हणून त्याची चकती होते. मंद ताऱ्याचा पसरलेला प्रकाश इतका थोडा की फिल्मला त्याची दखलच घेता येत नाही. उरतो फक्त मधला बिंदू. म्हणजे काच सगळ्यांना सारखंच वागवते, पण परिणाम ज्याच्या त्याच्या तेजाप्रमाणे होतो. थोरला थोरला दिसतो, धाकटा धाकटा.

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, तरतमभाव. एकापेक्षा दुसरा अधिक, त्याच्यापेक्षा तिसरा अधिक, अशी जाण. आकाशातली आकृती ओळखणं हे सगळं या तरतमभावावर उभं आहे. ताऱ्यांच्या ‘प्रती’ पाडल्या त्या याचसाठी: पहिल्या प्रतीचा तारा, दुसऱ्या प्रतीचा, अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा सहाव्या प्रतीचा. पहिल्या आणि सहाव्या प्रतीत तेजाचा फरक शंभर पटींचा. डोळा हा फरक एका नजरेत पेलतो, आणि पेलता पेलता सहाव्या प्रतीच्या ताऱ्यांना अलगद बाजूला सारतो. आपण मृग पाहतो तेव्हा त्याच्या आजूबाजूचे शेकडो मंद तारे डोळ्यात शिरलेले असतातच. आपण त्यांना मोजत नाही, इतकंच.

कॅमेरा ही निवड करत नाही. त्याच्या संवेदकावर प्रकाश साठवणाऱ्या बारीक बारीक घरांची जाळी असते. काक्षीचा बिंदू ज्या घरात पडतो ते घर क्षणात काठोकाठ भरतं, पुढचा प्रकाश वाया जातो. मंद ताऱ्याचं घर सावकाश भरत राहतं. पुरेसा वेळ दिला की तेही भरत येतं. मग शंभर पटींचा फरक उरतो कुठे? दोघेही पांढरे ठिपके. काक्षीचा ठिपका थोडा जाड, एवढाच काय तो मान. हल्लीचे फोन तर याच्याही पुढे जातात. रात्रीच्या फोटोसाठी ते एकामागून एक अनेक फोटो घेतात, एकमेकांवर नीट बसवून त्यांची बेरीज करतात, आणि वर अंधारातलं उजळून, उजेडातलं दाबून देतात. घराच्या अंगणात घेतलेल्या फोटोत यामुळे आजीचा चेहराही दिसतो आणि दिवाळीचा कंदीलही. आकाशाला मात्र ही समदृष्टी मानवत नाही. भाच्याच्या फोटोत डोळ्यांना कधीच दिसले नसते असे कितीतरी तारे होते, आणि त्या गर्दीत सात ओळखीचे चेहरे बुडाले होते.

रंगही असाच बुडतो. काठोकाठ भरलेलं घर पांढरंच दिसतं, मग तारा तांबडा असो की निळा. फुजिईंच्या चकतीत मात्र प्रकाश पसरून पातळ होतो, तिथली फिल्म काठोकाठ भरत नाही, आणि ताऱ्याचा खरा रंग कडेकडेनं उमटतो. डोळ्याला रात्री रंग फारसे कळत नाहीत, कारण मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींना रंगाची जाण नसते. काक्षीचा तांबूसपणा आणि राजन्याची निळी झाक लक्ष देऊन पाहिली तर जाणवते, पण पुसट. भिंतीवरच्या फोटोत ती लख्ख आहे. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ३,५०० केल्व्हिन, राजन्याचं सुमारे १२,०००. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढऱ्याकडे झुकतं. फुजिईंच्या चौकटीत त्या भट्टीची दोन टोकं तिरकी समोरासमोर बसली आहेत.

मला या फोटोत सगळ्यांत आवडते ती फुजिईंनी पाळलेली मर्यादा. हेच फिल्टर थोडं जास्त धूसर असतं तर आकाशभर दिवाळीचे दिवे झाले असते, आणि मृगाचं शुभेच्छापत्र झालं असतं. फुजिई तिथे थांबले. बाणाखालचा तेजोमेघ, म्हणजे हरणाच्या शेपटीकडची ती गुलाबी धुरकट जागा, फोटोत लहानशी आणि आपल्या जागीच आहे. हल्लीच्या कित्येक फोटोंत ती गुलाबासारखी फुलवून मधोमध बसवलेली असते. १८८० साली हेन्री ड्रेपर यांनी या मेघाचा पहिला फोटो घेतला, आणि तेव्हापासून दुर्बिणवाल्यांचं सगळं प्रेम त्यालाच मिळत आलं आहे. फुजिईंनी तो हरणाच्या मापानंच ठेवला.

फुजिई १९४१ साली जन्मले, २०२२ च्या डिसेंबरात गेले. जपानमधल्या शिराकावा इथल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेत त्यांचं काम चालायचं. ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेला त्यांनी आपल्या चिरो नावाच्या कुत्र्याचं नाव दिलं. हे कळलं तेव्हापासून भिंतीवरचा व्याध मला जरा वेगळा दिसतो, कारण पाश्चात्त्यांच्या आकाशात तो शिकारी नसून शिकाऱ्यामागून धावणारा कुत्रा आहे.

रंगांच्या बाबतीत आणखी एक फोटो आठवतो, तोही मृगाचाच: ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड मॅलिन यांचा. त्यांनी कॅमेरा एका जागी पक्का ठेवला, झडप उघडी ठेवली, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे फिल्मवर रेघा ओढत असताना भिंगाचा फोकस टप्प्याटप्प्यानं बदलत नेला. प्रत्येक तारा एका टोकाला बारीक रेघ आणि पुढे रुंदावत जाणारा रंगीत पट्टा झाला. काक्षीचा पट्टा केशरी, राजन्याचा निळा. यातही एक गंमत दडलेली आहे, ती सावकाश पाहणाऱ्यालाच सापडते. बाणाचा सगळ्यांत पुढचा तारा जवळजवळ बरोबर खगोलीय विषुववृत्तावर बसतो. म्हणून अशा ताऱ्यांच्या रेघांच्या फोटोत त्याची रेघ सरळ येते, तिच्या उत्तरेकडच्या रेघा एका बाजूला वळतात आणि दक्षिणेकडच्या दुसऱ्या बाजूला. आकाशाचे दोन अर्धे भाग कुठे जुळतात ती शिवण तेवढी दिसते. मॅलिनचा फोटो मला थक्क करतो. पण तो मृगाचा फोटो आहे, हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. फुजिईंच्या फोटोला सांगावं लागत नाही, आणि म्हणून भिंतीवर तो आहे.

भाच्याच्या फोटोकडे पुन्हा वळते. त्या फोटोवर मी आधी अन्याय केला. हिशेबानं का होईना, हरीण एकदा सापडलं, मग मी तो फोटो मोठा करून, उजेड कमी करून पाहू लागले. (ही युक्ती कुणालाही करता येईल: फोनवरच फोटोचा उजेड खाली आणला की मंद तारे आधी मावळतात, तेजस्वी उरतात. गेलेला तरतमभाव थोडा परत येतो.) आणि मग जे दिसलं ते भिंतीवरच्या फोटोत नव्हतं.

फुजिईंच्या फोटोत मृग उभा आहे, नकाशातल्यासारखा: उत्तर वर, काक्षी वर डावीकडे, राजन्य खाली उजवीकडे, बाण तिरपा. आपल्याकडे जानेवारीत संध्याकाळी आठ वाजता तो असा दिसतच नाही. तो कुशीवर असतो. भाच्याच्या फोटोत काक्षी थेट डावीकडे होता, राजन्य थेट उजवीकडे, दोघे जवळपास एका पातळीत. आणि त्यांच्या बरोबर मधोमध बाण सरळ उभा, ओळंब्यानं लावल्यासारखा. बाणाची रेघ खाली नेली तर डोंगराच्या कडेपासून हातभर वर व्याध. बाण खालून वर सुटला आहे आणि हरणाच्या कुशीत शिरला आहे. ऐतरेय ब्राह्मणात ही गोष्ट आहे: प्रजापती हरणाच्या रूपात रोहिणीमागे धावला, आणि देवांच्या उग्र रूपांतून जन्मलेल्यानं त्याला तीन पेरांच्या बाणानं विंधलं. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले. पण शिकारी खाली दबा धरून बसलाय, बाण उभा वर चाललाय, आणि वर, फोटोच्या माथ्याशी, रोहिणी आहे, हे सगळं एका उभ्या रेषेत मांडलेलं मी पहिल्यांदा भंडारदऱ्याच्या त्या फोटोत पाहिलं. गोष्ट ज्यांनी रचली त्यांनीही हरीण असंच, उगवून वर येताना, पाहिलं असेल का? मला वाटतं, असावं. आकाशातल्या गोष्टी उगवत्या आकाशात सुचतात, कारण तेव्हा ती आकृती क्षितिजाच्या, डोंगराच्या, झाडाच्या सोबतीनं दिसते.

माथ्याशी रोहिणी आहे म्हटलं, पण तिथे एकाऐवजी दोन तेजस्वी ठिपके होते. एक तांबूस, आणि त्याच्या डावीकडे हाताच्या तीन बोटांइतक्या अंतरावर दुसरा, फोटोतला सगळ्यांत जाड ठिपका. पाठ असलेल्या कवितेत कुणी एक शब्द जास्तीचा घालावा, तसं झालं. तो गुरू होता. त्या हिवाळ्यात गुरू रोहिणीपासून साधारण ५ अंशांवर मुक्कामाला होता. फोटोवरून तारीख ओळखण्याची ही जुनी रीत आहे: तारे जागचे हलत नाहीत, ग्रह हलतात, म्हणून आकृतीत जो उपरा दिसतो तो काळ सांगतो. भाच्यानं तारीख कळवली नसती तरी ‘रोहिणीशेजारी गुरू’ एवढ्यावर वर्ष हाती लागलं असतं, कारण गुरू त्याच जागी परत यायला जवळपास १२ वर्षं घेतो.

आता यंत्राबद्दल. हल्ली कुठलाही आकाशाचा फोटो दिला तर संगणक तो आकाशाचा कुठला तुकडा आहे ते सांगतो. कॅमेरा कुठला, फोटो कधीचा, वरची बाजू कोणती, यातलं काहीच त्याला सांगावं लागत नाही. डस्टिन लँग, डेव्हिड हॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली ‘ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट’ ही अशीच व्यवस्था. तिच्यामागची युक्ती त्यांनी २०१० मध्ये सविस्तर मांडली. भाच्यानं तिथे फोटो टाकून उत्तर काढलं असतं तर मला विचारलंच नसतं, आणि हा लेखही झाला नसता. पण ती युक्ती कळली तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

संगणक फोटोतले चार तारे उचलतो. त्यातले एकमेकांपासून सर्वांत दूरचे दोन घेऊन तो त्यांना आपलं माप मानतो: एक सुरुवात, दुसरा शेवट. उरलेले दोन या मापात कुठे बसतात ते चार आकड्यांत लिहितो. फोटो मोठा केला, लहान केला, तिरका धरला, उलटा धरला, तरी ते चार आकडे बदलत नाहीत. साऱ्या आकाशातल्या अशा चौकटींचे आकडे त्यानं आधीच ताऱ्यांच्या सूचीवरून काढून ठेवलेले असतात. जुळणारे आकडे सापडले की तो लगेच ‘सापडलं’ म्हणत नाही. त्या जागेचं आकाश असेल तर इथे इथे आणखी तारे दिसायला हवेत, असा पडताळा घेतो, आणि तो पटला तरच उत्तर देतो.

चार तारे! वडिलांनी मला वाईच्या गच्चीवर काय दाखवलं होतं? आधी चार पाय. मग पडताळा: मधे बाण आहे का? बाणाच्या रेषेत व्याध आहे का, रोहिणी आहे का? हरीण कुशीवर पडलेलं असो, नकाशात उभं असो, ऑस्ट्रेलियात पाय वर करून असो, चार पायांचं एकमेकांशी नातं तेच राहतं, आणि आपण ते नातं ओळखतो. संगणकाच्या चौकटीला नाव नसतं, तिला गोष्ट नसते, हे खरं. पण हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी या आकाशातून नेमके चार तारे निवडून त्यांना पाय म्हटलं, तेव्हा त्यानं ओळखीची तीच पद्धत शोधली होती. याच व्यवस्थेच्या जोरावर लँग आणि हॉग यांनी आणखी एक गोड काम केलं. ऑक्टोबर २००७ मध्ये ययाती नक्षत्रसमूहात होम्सचा धूमकेतू अचानक लाखो पटींनी उजळला आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्याचे फोटो काढले. या दोघांनी लोकांनी काढलेले असे हजारो फोटो गोळा केले, ज्यांची जागा जुळली ते आकाशात जागच्या जागी बसवले, आणि निव्वळ त्यावरून धूमकेतूची कक्षा काढली. लोकांनी कॅमेरा जिकडे वळवला, तिकडे धूमकेतू होता. कुणाच्या अंगणातून, कुणाच्या गच्चीवरून घेतलेल्या त्या फोटोंचा असा एक ग्रंथ झाला.

एक गोष्ट मात्र संगणकाला वेगळी तपासावी लागते आणि आपल्यालाही: आरशातली प्रतिमा. फोटो फिरवला तर आकाश तेच राहतं, पण उलटून छापला तर ते जगात कुठेच नसलेलं आकाश होतं. पूर्वी फिल्मच्या पारदर्शिका चुकून पालथ्या धरल्या जात. एका दिनदर्शिकेवर मी असा मृग पाहिला आहे. रंग सुरेख, चौकट सुरेख, पण उत्तर वर धरली तर काक्षी उजवीकडे आणि व्याध भलत्याच अंगाला. मृगाशी जुनी ओळख असेल तर हे आधी पोटात जाणवतं, मग डोक्याला कळतं. ओळखीच्या माणसाचा भांग दुसऱ्या बाजूला पाडलेला पाहावा तसं.

ओळखीचं हे पोटातलं जाणवणं खरंच किती बारीक असतं, ते २०२० च्या सुरुवातीला कळलं. काक्षी मंदावला होता. फेब्रुवारीत तो इतका उतरला की हरणाचा शेजारचा पाय आणि तो जवळजवळ एका तेजाचे दिसू लागले. दुर्बीण नसलेल्या, पण मृग रोज पाहणाऱ्या माणसांच्या ते लक्षात आलं. आकृती तीच, तरतमभाव बिघडलेला. पुढे चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या प्रतिमांवरून समजलं की ताऱ्यानं बाहेर फेकलेल्या द्रव्यापासून धूळ झाली आणि तिनं त्याचा एक भाग झाकला. त्या दिवसांत मी रोज रात्री भिंतीवरचा फोटो पाहून मग गच्चीवर जायची. फुजिईंच्या चकत्यांचं माप डोळ्यात घेऊन.

फोटो वाचणं हे वेगळं काम आहे याची आठवण मृगात शिरलं की हमखास येते ती विल्यमिना फ्लेमिंग यांच्यामुळे. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या पट्ट्यांवर आकाशाचे फोटो घेतले जात, आणि ते भिंग घेऊन वाचायचं काम बायका करत. पांढऱ्या काचेवर काळे तारे. १८८८ साली अशाच एका काचेवर, बाणाच्या मागच्या ताऱ्याच्या दक्षिणेला, फ्लेमिंगबाईंना उजळ पट्ट्यात एक खाच दिसली. आज तिला घोड्याच्या डोक्याची अभ्रिका म्हणतात आणि तिचे फोटो घराघरांत आहेत. दुर्बिणीमागे दुसरंच कुणी होतं, पण पाहिलं ते फ्लेमिंगबाईंनी. फुजिईंच्या फोटोत ती खाच शोधायचा मी खूप प्रयत्न केला. ती तिथे नाही, किंवा माझ्या पानावर उतरलेली नाही.

तोच फोटो, तेच तारे, पण प्रत्येकाला त्यात तेच दिसेल असं नाही. खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांमध्ये फिरून तिथल्या लोकांचं आकाश टिपून ठेवलं आहे. आमच्या सप्तर्षींच्या चौकटीत त्यांना बाज दिसते आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांत ती पळवायला आलेले तीन चोर. आणि मृगाच्या या जागी त्यांना नांगर दिसतो. हे वाचल्यावर मी भिंतीवरचा फोटो नांगर म्हणून पाहून पाहिला. बाणाचे तीन तारे आणि त्याखालची मंद ताऱ्यांची रांग धरली की नांगर खरंच उभा राहतो. हरीण त्या वेळी बाजूला होतं. मग परत येतं. पण ज्यांनी नांगर पाहिला त्यांनी बाणाखालच्या मंद ताऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त मान दिला, हे नक्की.

इथे मला फुजिईंच्या फोटोतली एक उणीव सांगायला हवी, आणि ती त्याच्या गुणातूनच आलेली आहे. मृगशीर्ष हे नक्षत्राचं नाव. मार्गशीर्ष महिन्याचं नाव त्यावरूनच पडलं, आणि जूनच्या ७-८ तारखेला सूर्य या नक्षत्रात आला की शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो. (तेव्हा मृग आकाशात दिसत नाही. सूर्यच तिथे असतो.) पण मृगशीर्ष म्हणजे हरणाचं डोकं. ते काक्षीही नाही, राजन्यही नाही, बाणही नाही. ते आहे वरच्या दोन पायांच्या पलीकडचं, तीन ताऱ्यांचं एक बारीक त्रिकोणी झुबकं. तिघांतला सर्वांत तेजस्वी तारासुद्धा तिसऱ्या-चौथ्या प्रतीचा. शहरातल्या आकाशातून ते केव्हाच गेलं आहे. सात ठळक तारे सोडून नाव ठेवणाऱ्यांनी नक्षत्राचं नाव या मंद झुबक्याला दिलं. हरणाचं डोकं कुठे आहे ते कळलं, तरच ते हरीण होतं, नाहीतर चार खुंट आणि एक रेघ. आणि फुजिईंच्या काचेनं नेमकं इथे हात आखडला. त्या तिघांना चकती मिळालेली नाही. ते मागच्या टिंबांत मिसळले आहेत. इतकी वर्षं मी या फोटोत हरीण पाहत होते, पण डोकं मी स्वतःच्या मनातून आणून लावत होते, हे मला यंदा, भिंग घेऊन पानाला नाक लावल्यावर कळलं.

भाच्याच्या फोटोत ते डोकं होतं. काक्षीच्या वर, जरा उजवीकडे, तीन ठिपके एकमेकांना खेटून, स्वच्छ. सगळ्यांना सारखं उजळणाऱ्या त्या फोननं बाकी गोंधळ केला असेल, पण भिंतीवरच्या फोटोत जे हरवलं होतं ते त्यानं जागच्या जागी आणून ठेवलं होतं.

मी फोटोवर बोटानं आखायला घेतलं. चार पायांना चार गोल काढले. बाणाला एक उभी रेघ, ती खाली व्याधापर्यंत आणि वर रोहिणीपर्यंत वाढवली. गुरूला वेगळ्या रंगाचा गोल. शेवटी त्या तीन ठिपक्यांभोवती एक लहान कडं काढलं, शेजारी ‘डोकं’ असं लिहिलं, आणि फोटो परत पाठवला.

उत्तर रात्री उशिरा आलं. ‘आत्या, हे वर बघतंय ना? रोहिणीकडे?’

मी पुन्हा पाहिलं. डोकं वरच्या अंगालाच होतं.